रद्दीत जायच्या आधी: मिल्का ब्लिझ्नाकोव्ह प्रकल्पाच्या नोंदी

२ जून

आजपासून वही सुरू. सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, तिथे मला अर्धा तास दिलाय आणि कॉरिडॉरमध्ये सहा पॅनल लावायला भिंत दिलीय. विषय "एक स्त्री वास्तुविशारद", बाकी काही अट नाही, फक्त मराठीत पाहिजे. सगळ्यांना वाटलं झाहा हदीद घेणार. मी मिल्का ब्लिझ्नाकोव्ह घेतलं. समितीतल्या तिघांनी हे नाव आधी ऐकलेलं नव्हतं आणि मला तेच योग्य कारण वाटलं.

खरं कारण मात्र मेमधला मॅडमचा फोन. मॅडम म्हणजे आम्हाला दुसऱ्या वर्षी डिझाइन शिकवणाऱ्या, आता ७६ वर्षांच्या. घर सोडून फ्लॅटमध्ये चालल्यात आणि म्हणाल्या, अगं पोटमाळ्यावर ड्रॉइंगच्या गुंडाळ्या आहेत, रद्दीवाला ट्रेसिंग घेतो का गं? मी एकदम ओरडलेच, मॅडम हात लावू नका, मी येते. फोन ठेवल्यावर आठवलं की अशाच गुंडाळ्यांसाठी मिल्का नावाच्या या बल्गेरियन बाईने आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दिली.

तर प्रकल्प दोन. एक मेळाव्याचा, एक पोटमाळ्याचा. दोन्हीच्या नोंदी याच वहीत.

५ जून

ठोकळ सनावळी लावून घेतली. जन्म २० सप्टेंबर १९२७, वार्ना, काळ्या समुद्रावरचं बंदर. माहेरचं आडनाव चेर्नेव्हा. १९५१ मध्ये सोफियाच्या पॉलिटेक्निकमधून आर्किटेक्ट. १९५९ मध्ये बल्गेरिया सोडून फ्रान्स, १९६१ मध्ये अमेरिका. १९७१ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीची डॉक्टरेट. १९७४ पासून व्हर्जिनिया टेक विद्यापीठात शिकवायला, गाव ब्लॅक्सबर्ग, अॅपलेशियन डोंगरात. १९८५ मध्ये तिथे स्त्री वास्तुविशारदांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय उभं केलं, म्हणजे इंटरनॅशनल आर्काइव्ह ऑफ विमेन इन आर्किटेक्चर. ४ नोव्हेंबर २०१० ला ब्लॅक्सबर्गमध्येच गेली, ८३ वर्षांची.

नावाचा घोळ लगेच सोडवला. बल्गेरियनमध्ये बाईचं आडनाव 'आ'ने संपतं, म्हणजे तिथे ती ब्लिझ्नाकोव्हा. अमेरिकेत तिने ब्लिझ्नाकोव्ह असंच लिहिलं. पॅनलवर ती स्वतः सही करायची तेच घ्यायचं. दोन स्पेलिंगमुळे माणूस कॅटलॉगमध्ये दोन ठिकाणी पडतं आणि बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं कारण माहेर-सासरचंही असतं. आमच्या मॅडमच्या डिग्रीवर एक आडनाव आहे आणि कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर दुसरं.

९ जून

आज फक्त सोफिया १९५१ यावर बसले, कारण याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

मिल्का पदवी घेते तेव्हा तिच्या जन्मगावाचं नावच वार्ना नव्हतं, १९४९ ते १९५६ त्या शहराचं नाव स्टालिन होतं. म्हणजे पत्ता सांगायचा तर "मी स्टालिनची" असं सांगायचं. सप्टेंबर १९४४ नंतर सत्ता बदलली, कम्युनिस्ट आले, खासगी प्रॅक्टिस संपत गेली आणि आर्किटेक्ट सरकारी डिझाइन संस्थांमध्ये नोकरीला. तिथे ड्रॉइंग संस्थेच्या नावाने निघायचं, टीमच्या नावाने निघायचं.

आणि तेव्हा काय बांधत होते? सोफियाच्या मध्यभागी लार्गो. तीन बाजूंनी प्रचंड इमारती, मधे पक्षाचं मुख्यालय, खांब, कॉर्निस, वर टोकदार मनोरा, सगळं मॉस्कोच्या तेव्हाच्या चवीचं, ज्याला समाजवादी अभिजातवाद म्हणायचे. साधी सपाट आधुनिक भिंत काढली तर बुर्झ्वा ठरायची. चोवीस वर्षांची मुलगी नुकती डिग्री घेऊन बाहेर पडलीय आणि हातात टी-स्क्वेअर आहे पण काय काढायचं हे वरून ठरतंय.

लार्गोसाठी जागा कशी मोकळी झाली हे ३० तारखेला लिहीन, ते वेगळंच प्रकरण आहे.

१४ जून

पहिल्या पॅनलचा मजकूर आज फाडला. सुरुवात "१९८५ मध्ये" अशी केली होती. वाचून बघितलं तर त्यात मिल्का फक्त कागद गोळा करणारी एक प्राध्यापक वाटत होती, म्हणजे लायब्ररीवाली बाई. ती आर्किटेक्ट होती. सोफियात, पॅरिसमध्ये, मग न्यूयॉर्क भागात ऑफिसमध्ये बसून काम केलेली. संग्रहालय सुचायला आधी ड्रॉइंग बोर्डवर वाकून पाठ धरलेली असावी लागते असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट सुचली आणि ती मी पॅनलमध्ये घेणारच. बल्गेरिया आणि फ्रान्स मेट्रिक. तिथे घराचं ड्रॉइंग १:५० च्या प्रमाणात. अमेरिकेत गेलं की फूट-इंच, पाव इंचाला एक फूट, म्हणजे १:४८. जवळजवळ तेच, पण तेच नाही. ज्याने पंधरा वर्षं १:५० मध्ये हात बसवलाय त्याला दाराची रुंदी नजरेने कळते, स्केल न लावता, आणि एक दिवस ती नजर चुकायला लागते. भाषा नवी, लिपी नवी (सिरिलिकमध्ये लेटरिंग करणारा हात आता रोमनमध्ये), आणि वर मापसुद्धा नवं. आपल्याकडे हे समजावून सांगायला लागत नाही, सॅंक्शन ड्रॉइंग मीटरमध्ये आणि क्लायंट बोलणार स्क्वेअर फुटात, दिवसभर डोक्यात गुणाकार चालू.

पॅनल १ चं पहिलं वाक्य आता असं: "मिल्का ब्लिझ्नाकोव्ह यांनी तीन देशांत ड्रॉइंग केली."

२२ जून

डॉक्टरेटचा विषय. शीर्षक मराठीत करायचं तर "शैलीचा शोध: सोव्हिएत संघातली आधुनिक वास्तुकला, १९१७ ते १९३२". दोन दिवस मी याच शेवटच्या सालावर अडकले होते, १९३२ का? तर एप्रिल १९३२ मध्ये पक्षाने हुकूम काढून कलावंतांचे, लेखकांचे, आर्किटेक्टचे सगळे स्वतंत्र गट बरखास्त केले, एकच संघटना, एकच रांग. पंधरा वर्षांची धमाल तिथे थांबली. म्हणजे सोफियात तिच्या उमेदीच्या काळात जी खांबांची वास्तुकला डोक्यावर बसली होती ती ज्या क्षणी सुरू झाली, बरोबर त्या क्षणाच्या अलीकडचा काळ तिने अभ्यासाला घेतला. अमेरिकेत बसून, रशियन वाचता येत होतं म्हणून. मला हे फार भिडलं.

आणि त्या पंधरा वर्षांतलं किती बांधलं गेलं? थोडंच. देशात सिमेंट नाही, स्टील नाही, यादवी युद्ध, उपासमार. इवान लिओनिदोव्हने १९२७ मध्ये डिप्लोमाला लेनिन इन्स्टिट्यूट केलं, काचेचा गोल सभागृह म्हणून जमिनीवर टेकलेला, बाजूला पुस्तकांचा बारीक उंच मनोरा, तारांनी ताणलेला, आज जगातला कुठलाही विद्यार्थी ते बघून ओळखतो आणि ते कधीच बांधलं गेलं नाही. लिडिया कोमारोव्हा, मॉस्कोच्या व्हखुतेमास या कला-वास्तुकलेच्या शाळेत शिकलेली, १९२९ मध्ये तिने कोमिंटर्नच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या, मुख्यालयाचं डिझाइन केलं, एकावर एक गोल चकत्या, तेही कागदावरच राहिलं. दुसरीकडे गिन्झबुर्ग आणि मिलिनिस यांची नार्कोमफिन ही राहण्याची इमारत मॉस्कोत १९३० पर्यंत उभी राहिली, सामायिक स्वयंपाकघर, रुंद कॉरिडॉर, आणि मग कितीतरी दशकं पडझड होत राहिली, आत्ता आत्ता २०२० मध्ये दुरुस्त झाली.

तर मिल्काचा अभ्यासविषयच असा होता की जिथे ड्रॉइंग गेलं तर वास्तू गेली. दुसरा पुरावाच नाही. पुढे जे केलं त्याची तालीम इथे झाली असं मी भाषणात म्हणणार आहे, हे माझं वाचन आहे, तिचं वाक्य नाही, तसं स्पष्ट सांगून.

३० जून

व्हिक्टोरिया आंगेलोव्हा-विनारोव्हा. मिल्काच्या आधीच्या पिढीची, जन्म १९०२. बल्गेरियातल्या अगदी पहिल्या स्त्री आर्किटेक्टपैकी. ड्रेस्डेनला शिकून आली आणि पंचविशीच्या आसपास सोफियात सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या इमारतीची स्पर्धा जिंकली. म्हणजे ज्या खात्याने देशातले रस्ते, पूल, इमारती मंजूर करायच्या त्याच खात्याची स्वतःची इमारत एका तरुण मुलीने काढली. बांधलीही गेली.

दुसऱ्या महायुद्धात बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने होता. नोव्हेंबर १९४३ पासून मित्रराष्ट्रांची विमानं सोफियावर आली, सगळ्यात मोठे हल्ले १० जानेवारी आणि ३० मार्च १९४४ चे. शहराचा मध्यभाग जळाला. आंगेलोव्हाची मंत्रालयाची इमारतही त्या बॉम्बहल्ल्यांत गेली. ती स्वतः १९४७ मध्ये क्षयाने गेली, पंचेचाळिशीत. आणि जळालेल्या त्याच मध्यभागात पुढच्या दहा वर्षांत लार्गो उभं राहिलं.

मिल्का सोफियात शिकायला आली ती या शहरात. एक पिढी आधीच्या बाईचं सगळ्यात मोठं काम नकाशावरून पुसलेलं. हे मी पॅनल २ ला देणार, पूर्ण पॅनल, फक्त आंगेलोव्हाला. समितीचं म्हणणं विषय भरकटतोय. मला नाही वाटत.

७ जुलै

पोटमाळा. चार तास. सकाळपासून पाऊस लागलेला, कौलांतून एका कोपऱ्यात गळत होतं, त्या कोपऱ्यात नशिबाने गाद्या होत्या.

मोजणी: अकरा गुंडाळ्या, त्यातल्या तीन पत्र्याच्या नळ्यांत, एक मोठा गठ्ठा जुन्या नऊवारीत बांधलेला. साडीतला गठ्ठा सगळ्यात चांगला राहिलाय, सुती कापड ओल शोषून घेतं आणि हवा लागते. प्लास्टिकच्या पिशवीतले दोन रोल सगळ्यात वाईट, आतून बुरशीचा वास, कागद सादळून लाटा आलेल्या. दोन ठिकाणी कसर लागलीय, कडा कुरतडल्यासारख्या. वाळवी नाही. मॅडम खालून विचारत होत्या, आहे का काही कामाचं? मी म्हटलं सगळंच.

एक रोल उघडायचा मोह झाला आणि मी नाही उघडला. कोरडा पडलेला रोल एकदम ताणला तर काचेसारखा तडकतो. सगळं आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत आणलं, जमिनीपासून वर, फळीवर.

१३ जुलै

आता १९८५. हा भाग मला सगळ्यात नीट लिहायचाय.

मिल्काने काय ओळखलं? इतिहासात बायका नाहीत कारण त्यांचे कागद नाहीत. मोठ्या नावाचा पुरुष गेला की त्याचं ऑफिस असतं, पार्टनर असतात, विद्यापीठ मागायला येतं. बाई गेली की भाचा येतो, घर रिकामं करतो, ट्रेसिंगच्या गुंडाळ्या बघतो आणि कचऱ्यात टाकतो. त्याचा दोष नसतो, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आणि कागद नाहीत म्हणून अभ्यास नाही, अभ्यास नाही म्हणून पुस्तकात नाव नाही, आणि नाव नाही म्हणून पुढच्या भाच्यालाही काही कळत नाही.

तिने मार्ग काय काढला तर सरळ पत्रं लिहायची. जगभरातल्या स्त्री आर्किटेक्टना, विशेषतः त्या पिढीला ज्या काळात या व्यवसायात बाई म्हणजे अपवाद होती: तुमची ड्रॉइंग, पत्रं, फोटो टाकू नका, आम्हाला द्या. व्हर्जिनिया टेकचं आर्किटेक्चर कॉलेज आणि विद्यापीठाची लायब्ररी यांनी मिळून हे चालवायचं ठरलं, न्यूमन लायब्ररीच्या विशेष संग्रहात. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नुसतं कॉलेजमध्ये ठेवलं असतं तर मिल्का निवृत्त झाल्यावर एखाद्या कपाटात गेलं असतं. लायब्ररीत गेलं म्हणजे त्याला नंबर पडला, तापमान पडलं, पगारी माणूस पडला.

आत कोण आहे ते बघितलं आणि खूप वेळ बसूनच राहिले. हान श्रोडर: उट्रेख्टचं १९२४ चं ते जगप्रसिद्ध रिटव्हेल्ड-श्रोडर घर, सरकत्या भिंतींचं, आपण सगळे पहिल्या वर्षाला त्याचं मॉडेल करतो, त्या घरात जी मुलं वाढली त्यातली ही धाकटी, जी पुढे स्वतः आर्किटेक्ट झाली आणि अमेरिकेत जाऊन शिकवत राहिली. लिआन झिम्बलर: व्हिएन्नातली आर्किटेक्ट, नाझी आल्यावर देश सोडून अमेरिकेत नव्याने सुरुवात. एलिनॉर पेटरसन: नामवंत अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटकडे उमेदवारी केलेली, न्यू जर्सीत स्वतःचं ऑफिस. आणि लिलिया स्काला! हिला लोक हॉलिवूडची नटी म्हणून ओळखतात, ऑस्करचं नामांकन मिळालेली. ती व्हिएन्नाची आर्किटेक्ट होती, ड्रेस्डेनला शिकलेली, नाझींमुळे पळावं लागलं, अमेरिकेत अभिनयावर पोट भरलं, आणि तिची विद्यार्थिदशेतली ड्रॉइंग इथे ब्लॅक्सबर्गला आहेत. म्हणजे तिने ती जपली. सगळं आयुष्य दुसऱ्याच धंद्यात गेलं तरी जपली.

ड्रेस्डेन पुन्हा आलं. आंगेलोव्हाही तिथलीच. पॅनल ३ आणि ४ मध्ये हे जोडायचं.

एक लक्षात आलं, यातल्या कितीजणी देश सोडून गेलेल्या. मिल्का स्वतःही तशीच. सरहद्द ओलांडताना आर्किटेक्ट इमारत बरोबर नेऊ शकत नाही. नेलं तर ड्रॉइंग नेता येतं, तेही जमलं तर.

२० जुलै

तंत्राचा दिवस. मॅडमचे कागद वेगळे करायला बसले आणि त्यातून पॅनल ५ तयार झालं, "ड्रॉइंग जगतं कसं". लोकांना हे आवडेल कारण प्रत्येकाच्या घरी असतं.

ट्रेसिंग पेपर पारदर्शक कशाने होतो हे मला आर्किटेक्ट असून नीट माहीत नव्हतं. एकतर लगदा इतका कुटतात की धाग्यांमधली हवाच जाते, किंवा कागदात तेल-राळ मुरवतात. दुसरा प्रकार वर्षांनी पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. त्याआधीच्या पिढीचं ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ दिलेलं बारीक कापड, त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी खळ विरघळते आणि डाग राहतो. ब्लूप्रिंट म्हणजे लोखंडाच्या क्षारांचा खेळ, निळ्यावर पांढऱ्या रेषा. ती उजेडात फिकी पडते, पण अंधारात ठेवली की थोडी परतही येते, हे वाचून मी दोनदा खात्री केली. आणि सगळ्यांना आम्लविरहित, चुना घातलेल्या कागदाच्या फोल्डरात ठेवतात म्हणून ब्लूप्रिंटही तिथेच ठेवली तर चूक, अल्कलीने तो निळा रंगच मरतो, तिला साधा न्यूट्रल कागद पाहिजे. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेली नक्कल, सगळ्यात कमी टिकणारी आणि शेजाऱ्यालाही खराब करणारी, ती वेगळ्या गठ्ठ्यात.

आणि सेलोटेप! मॅडमच्या जवळजवळ प्रत्येक ट्रेसिंगच्या कोपऱ्यात टेप आहे, बोर्डावर लावताना लावलेली. त्याचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरलाय. ओढून काढायची नाही, जाणकाराकडे जाईपर्यंत तशीच राहू दे.

गुंडाळी सपाट करायला दमट हवेच्या बंद डब्यात थोडा वेळ ठेवून धागे सैल करतात, मग ब्लॉटिंग पेपरमध्ये वजनाखाली. ट्रेसिंग पाण्याला फार हळवं, त्यामुळे ओलं कापड वगैरे अजिबात नाही. कोल्हापूरच्या जुलैत दमट डबा वेगळा करायची गरज नाही, खोलीच पुरे. उलट वाळवायची चिंता.

अंतिम मोजणी: ट्रेसिंग ९६, अमोनिया प्रिंट ३८, ब्लूप्रिंट ९ (एका जुन्या शाळेच्या, मॅडमनी दुरुस्तीच्या वेळी मिळवलेल्या). एकूण १४३.

२८ जुलै

ऑफिसची डेडलाइन. काही नाही झालं. फक्त पंखा चालू ठेवला.

४ ऑगस्ट

मॅडम आल्या होत्या. मी आधी मोठी हुशारी करून ड्रॉइंग सालाप्रमाणे लावायला घेतली होती, सात-आठ लावलीही. मग वाचलं की अभिलेखवाले असं करत नाहीत, ज्याचे कागद त्याने ज्या क्रमाने ठेवले तो क्रम मोडायचा नाही. कारण क्रम हीसुद्धा माहिती. ब्लॅक्सबर्गला काय किंवा कुठेही काय, खोका आला की आधी तो जसा आहे तशी यादी होते. परत लावली. मॅडमना विचारलं, या नळीत घर, देऊळ आणि पाण्याची टाकी एकत्र का? म्हणाल्या, "अगं तो एकाच बापलेकाचा रोल आहे. बापाने घर बांधलं, मुलाने देऊळ, आणि टाकी ग्रामपंचायतीची पण जमीन त्यांची." सालाप्रमाणे लावलं असतं तर हे तिघे वेगळे झाले असते आणि गोष्ट गेली असती.

मग त्या ट्रेसिंगवर बोट ठेवून ब्लेडने खरवडलेल्या जागा दाखवत होत्या. रोट्रिंग पेनची शाई चुकली की ब्लेडने हलकं खरवडायचं, नखाने घासून गुळगुळीत करायचं, मग परत रेघ. उजेडाकडे धरलं की त्या जागा पातळ दिसतात. एका घराच्या जिन्यापाशी कागद जवळजवळ आरपार झालाय. "हा जिना मला सहा वेळा बसत नव्हता," म्हणाल्या. पीडीएफमध्ये हे दिसत नाही. छापलेल्या पुस्तकातही दिसत नाही. मूळ कागदच का ठेवायचा याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही आणि भाषणात हेच देणार.

१५ ऑगस्ट

शब्दांचा दिवस, सुट्टी होती म्हणून.

आर्काइव्हला पॅनलवर काय म्हणायचं? "अभिलेखागार" बरोबर आहे पण भिंतीवरून कोणी वाचणार नाही. "संग्रहालय" म्हटलं की काचेची पेटी आणि तलवार डोळ्यांसमोर. शेवटी "दप्तर". पेशवे दफ्तर आपल्याला माहीत आहे, हजारो रुमालांत बांधलेले कागद, ज्यांच्यामुळे शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या गावात काय भाव होता हे आज सांगता येतं. "स्त्री वास्तुविशारदांचं आंतरराष्ट्रीय दप्तर". बोलून बघितलं, बसतं. शाळेचं दप्तरही आठवतं कोणाला, आठवू दे.

दुसरं म्हणजे हे दप्तर मोजतात कशात हे लोकांना सांगायचंय: क्यूबिक फुटांत. किती ड्रॉइंग असं नाही, किती घनफूट. आर्किटेक्टला हे लगेच कळेल, घनफळ आलं की कोणाचं किती राहिलं ते दिसतं. एखादीचा अर्धा फूट, एखादीचे कित्येक फूट.

आणि फक्त ड्रॉइंग नसतात. क्लायंटची पत्रं, साइटचे फोटो, बिलं, नोकरी नाकारल्याची पत्रं. ड्रॉइंगवर ऑफिसचं नाव मोठं असतं आणि बाईचं नाव टायटल ब्लॉकमधल्या, म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतल्या, छोट्या चौकोनात, "काढणार" समोर दोन अक्षरं. सोफियाच्या सरकारी संस्थेत टीमचं नाव, न्यूयॉर्कच्या ऑफिसात मालकाचं नाव, कोल्हापुरातही मालकाचंच. ती दोन अक्षरं कोणाची हे पगारपत्रकावरून किंवा पत्रावरून कळतं, म्हणून सगळे कागद एकत्र लागतात.

२४ ऑगस्ट

पॅनल ६, शेवटचं. १९९८ मध्ये मिल्का निवृत्त झाली पण दप्तराचं काम सोडलं नाही. तिच्या नावाने एक पुरस्कारही आहे, २००१ पासून, या दप्तराच्या कागदांवर किंवा त्यात भर घालणारं संशोधन करणाऱ्याला. ही आयडिया मला एकदम पटते, कागद नुसते ठेवून भागत नाही, कोणीतरी येऊन खोका उघडला पाहिजे, प्रश्न विचारला पाहिजे. आणि तिचे स्वतःचेही कागद तिथेच आहेत. दुसऱ्यांकडून मागितले तसे स्वतःचेही दिले.

आपल्या पेरीन मिस्त्रींनी १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. मधून डिप्लोमा घेतला, भारतातल्या पहिल्या स्त्री वास्तुविशारद. मिल्का तेव्हा वार्नात नऊ वर्षांची होती. पॅनलच्या खालच्या कडेला ही एक ओळ ठेवलीय. जास्त नाही. विषय मिल्काचा आहे, पण मेळाव्यात बसलेल्या मुलीला आपलं साल माहीत असलं पाहिजे.

३१ ऑगस्ट

घरी तालीम केली, ऐकायला मॅडम. घड्याळ लावलं, ३८ मिनिटं झाली, आठ कापायची. नार्कोमफिनचं सामायिक स्वयंपाकघर कापलं, जिवावर आलं. आंगेलोव्हा नाही कापली.

मॅडमनी एकच गोष्ट धरली. "तू सारखी ती आली, ती गेली काय म्हणतेस गं? ती काय तुझ्या वर्गातली आहे? राइटना राइट यांनी म्हणतेस आणि हिला ती." मी म्हटलं मॅडम, तीन महिने रोज तिच्याबरोबर बसले ना, आईला आजीला आपण अगं-तुगं करतो तसं झालंय. "ते तुझ्या वहीत कर. भिंतीवर त्या." बरोबर आहे. सहाही पॅनल परत उघडली आणि 'ती'च्या 'त्या' केल्या, क्रियापदांसकट. वहीत मात्र 'ती'च राहणार.

८ सप्टेंबर

मेळावा झाला. भाषण ३१ मिनिटं. पॅनल २ समोर सगळ्यात जास्त लोक उभे होते, आंगेलोव्हाच्या. समितीतल्या एकांनी येऊन तसं सांगितलं, बरं वाटलं.

नंतर चौघीजणी येऊन बोलल्या. एकीच्या सासूबाई पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होत्या, हो पदाचं नाव ड्राफ्ट्समनच, घरी ट्रंकेत काहीतरी आहे म्हणे. मी फक्त दोन गोष्टी सांगितल्या, प्लास्टिकमधून काढा आणि टेप ओढू नका. नंबर घेतला.

१५ सप्टेंबर

पाऊस ओसरला. पहिली ४० ट्रेसिंग सपाट झाली, स्कॅनला तयार, मोठ्या स्कॅनरवर ३०० डीपीआय, दुकानदाराने रोलर न लावता फ्लॅटबेडवर करायचं कबूल केलंय, वेळ लागेल म्हणाला, लागू दे.

मॅडम आल्या. टायटल ब्लॉक बघत होत्या एकेक. ऑफिसचं नाव, मालकांची सही, आणि "काढणार" समोर दोन अक्षरं. त्यांचीच. मी फोल्डरवर पूर्ण नाव लिहायला चिठ्ठी काढली, नियम तसाच आहे, मूळ कागदावर काही लिहायचं नसतं. मॅडम म्हणाल्या, "तुझा नियम तुझ्या फोल्डरला. हे माझं ड्रॉइंग आहे." आणि मऊ पेन्सिल घेऊन प्रत्येक ट्रेसिंग उलटं करून कोपऱ्यात पूर्ण नाव घातलं, दोन्ही आडनावांसकट, आणि खाली साल. लेटरिंग अजून तसंच आहे, खालची ओळ न आखता सरळ.

आज १९ झाली. उरलेली २१ बुधवारी, मग पुढचा गठ्ठा. ब्लॉटिंग पेपर संपलाय, आणायचा.